लेबल नसलेली

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, नेरूळला,
सिडकोच्या दोन खोल्यांत, गुप्त्यांकडे आम्ही जमतो.
चपला बाहेर. पंखा बंद.
सुईला वारा चालत नाही म्हणे.
आम्ही मान पुसत पुसत ते मान्य करतो.

आधी किंमत. राग नंतर,
गाणारा त्याहून नंतर.
"केवढ्याला पडली?"
मिळालेल्या आकड्याची प्रत्येक जण मनात दुप्पट करतो,
कारण घरी सांगितलेला आकडाच
इथंही तोंडात बसलेला असतो.

कर्णिकबाई ठाण्याहून येतात,
बसभर पिशवी मांडीवर उभी धरून,
आडवी ठेवली तर तबकडी वाकते.
या खेपेला शुद्ध कल्याण. कव्हरवर
कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ,
जुनं, तपकिरी, बरोबर मधोमध.

सायमन फर्गोजच्या हाती स्पूल:
मावशीच्या माळ्यावरचा, कुठल्याशा गणेशोत्सवातला.
विलंबितात कुत्रं भुंकतं
आणि कुणी तरी ओरडतं, "चहा सांगा रे!"
सायमनचं म्हणणं, कुत्रं कोमल निषादावर आहे.
आम्ही पुन्हा लावून पाहिलं. आहे.

मुकादमांनी तीच रेकॉर्ड तिसऱ्यांदा घेतली.
"गाणं तेच हो, पण खरखर वेगळी."

मी रिकाम्या हाताने. खारे शेंगदाणे तेवढे आणलेले.
रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली;
कॉम्प्रेसरनं डाव्या कानातले वरचे स्वर
पगारातून कापावेत तसे कापून नेले.

शेवटी दत्ताराम मढवी.
या सेक्टरखाली त्याच्या आजोबांचं खाजण आहे.
ते तो कधी बोलत नाही.
टॉवेलात गुंडाळलेली अठ्ठ्याहत्तरची जड काळी तबकडी
त्यानं पुढे केली. तुर्भ्याच्या भंगारातली.
लेबल कुणी सुरीनं खरवडून काढलेलं,
आणि सुरी घसरून आतल्या चार रेघांत शिरलेली.

बाई गात होती.
"भूप," मुकादम म्हणाले.
"देसकार. धैवतावर बघा कशी उभी राहते."
"गांधार सोडते कुठं?"
तेच पाच स्वर आणि तेवढीच पाच माणसं;
चहावर साय धरली तरी मिटेना.

मग तान तुटली.
तेव्हाच्या गाणाऱ्या शेवटी स्वतःचं नाव सांगत,
यंत्रापाशी बसलेल्या साहेबाला कळावं म्हणून.
तिनं श्वास घेतला, किंचित हसलीच बहुतेक,
म्हणाली, "मी..."

आणि सुरी.
नुसतं खर्र, खर्र, खर्र.

पुन्हा लावली. नऊ वेळा लावली.
कर्णिकबाईंना "सगुणा" ऐकू आलं,
मुकादमांना "शम्सा", सायमनला नुसतंच "सां".
गुप्त्यांनी सुईवर चवली ठेवून पाहिली.
मी डावा कान पुढे केला, का कोण जाणे.
माझ्या कानातलं भोक आणि तिच्या नावाचं भोक
एकाच मापाचं निघालं.

गुप्त्यांची वही असते, रेघा मारलेली:
नाव, राग, कंपनी, किंमत.
त्यांनी भूप लिहिलं, खोडलं. देसकार लिहिलं,
तेही खोडलं. कंपनीपुढे आडवी रेघ.
नावाच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं,
मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मी.

किंमत विचारायची राहून गेली.
पंखा लावायचीही.

खाली, स्कूटरपाशी, दत्ताराम आपणहून म्हणाला,
"किलोवर घेतली. अकरा रुपये झाले."
टॉवेलाची गाठ पुन्हा सोडून त्यानं नीट बांधली.
"त्याचा काटा तसा खोटाच आहे म्हणा."